दाढीआडचा वेंडलिश

मूकपटांच्या काळात बर्लिनच्या नाटकवाल्यांत सिनेमात दिसणं म्हणजे अब्रू घालवणं. तरी जात सगळेच. रीत एवढीच, की दाढी चिकटवायची आणि नाव कुठे छापू द्यायचं नाही.

ओटोकार वेंडलिशनं ही रीत चार वर्षं इमानानं पाळली. संध्याकाळी नाटकात तो नोकर असे. ‘गाडी तयार आहे, सरकार’ म्हणून विंगेत परते. दिवसा टेम्पेलहोफच्या काचेच्या स्टुडिओत तोच सरदार होई, नाहीतर खुनी. सरदारकीच्या दिवशी घरी कॉफीही जरा दरडावून मागे. बायको फ्रीडा किटलीकडे बोट दाखवी.

आणि आता स्टुडिओचे मालक साडेक अडून बसले होते. लोक ‘तो दाढीवाला’ म्हणून तिकीट मागतात, तर पुढच्या चित्रपटाच्या पोस्टरावर नाव हवंच. नाहीतर साडेक दुसरा दाढीवाला शोधणार. इकडे नाटक कंपनीत ओटोकारचं अठरावं वर्ष. आणखी दोन काढली की पेन्शन लागून म्हातारपणाची सोय होती, आणि नवा करार याच आठवड्यात व्हायचा होता.

अंदाज घ्यायला तो नाटकाचे संचालक ब्रांडेक यांच्याकडे गेला. म्हणाला, आपल्यासारखा दिसणारा कुणी हल्ली पडद्यावर येतो म्हणे. उगाच गैरसमज नको.

“दर बुधवारी दुपारी बघतो मी त्याला,” ब्रांडेक म्हणाले. “दाढी बदलते. चाल तीच.”

मग मला काढलं का नाही, असं ओटोकारनं विचारलं.

“मला कुणी नाव सांगितलेलं नाही. पोस्टरावर छापलंत, की सांगितल्यासारखं होईल.” त्यांनी कराराचा कागद पुढे सरकवला.

टाक हातात घेऊन ओटोकार थांबला. “साहेब, तिथलं काम कसं वाटतं माझं?”

“चांगलं करता. मागच्या बुधवारी माझ्या शेजारची बाई रडली.”

“आणि इथलं?”

ब्रांडेकनी बराच विचार केला. “इथे तुम्ही वेळेवर येता.”

ओटोकारनं टाक खाली ठेवला, नमस्कार केला आणि थेट साडेककडे जाऊन होकार दिला.

घरी सगळं सांगून तो बोलणी खायला तयार होऊन बसला. फ्रीडानं विचारलं, पोस्टर लागणार कधी? तिला रिक्सडॉर्फला राहणाऱ्या आपल्या बहिणीला कळवायचं होतं.

“आणि नाव पूर्ण छापायला सांग,” ती म्हणाली. “नुसतं वेंडलिश म्हटलं, तर तुझा भाऊ मिरवेल.”