दहावा मणी

राणीसावरगावच्या अंगणात किशनराव पायलीनं ज्वारी मोजून कोठीत ओतत होते, आणि त्यांची पुतणी उत्तरा पाटीवर रेघा ओढत होती. हात चालत होता, डोळे मोबाइलवर होते. सकाळपासून ती चारदा उठून फाटकापर्यंत जाऊन आली होती. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तिची पद्धत गुंडाळायची.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. आपल्या पेशी तिच्या ठरावीक मण्यावर फॉस्फेटची खूण लावतात. उत्तरानं ती माळ जिवाणूंकडून बनवून घेतली होती, पण जिवाणू ही खूण लावत नाहीत. म्हणून तिनं दहाव्या जागी, काही अडकवता येईल असा, गळाच्या आकड्यासारखा मणी ओवला आणि रसायनांनी त्यावर खूण बसवली. माळेचं वाढलेलं वजन म्हणत होतं, खूण बसली. फक्त दहाव्या मण्यावरची खूण ओळखणारं प्रतिपिंड मात्र तीन आठवडे तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

"बावीस," म्हणून किशनराव थांबले. "रेघा किती?"

"एकवीस."

"बावीस हाईत."

"मी नीट ओढल्यात, काका."

"लय शिकली ना," दारातून नर्मदाकाकू म्हणाल्या, "ज्वारी बी कमी व्हायली आता."

किशनराव हसले. "पहिल्या पायलीला मी लाभ म्हनलो. तू दोनपासून रेघा ओढल्यास. नाव येगळं असलं तरी पायली हायच की."

उत्तराचा हात थबकला. पेशी या माळेचा पहिलाच मणी कापून टाकते. म्हणून या प्रथिनाची मोजणी पुस्तकात त्याच्या पुढून सुरू होते. तिनं मात्र तो कापायचा मणी धरून दहा मोजले होते. इथं लाभ मोजायचा, तो तिनं सोडला. तिथं सोडायचा, तो मोजला. खूण नवव्या मण्यावर बसली होती.

तिनं मोबाइलवर माळेची यादी उघडली, बोटानं दोनदा मोजली आणि फोन लावला.

"सर, पद्धत बरोबर आहे. जागा चुकली, ती माझ्याकडून."

पलीकडून सरांनी विचारलं,

"माळ पुन्हा बनवायला किती दिवस?"

"दोन महिने."

"सोमवारी ये. आधी चूक लिहून आण, मग बोलू."

तिनं पिशवी भरायला घेतली.

"काका, गंगाखेडला यष्टी कितीला हाय?"

"आज शनवार हाय, पोरी. जेव तरी."

"बसवत न्हाई, काका," म्हणत ती चपला शोधू लागली.