हौद निवला

सगुणानं हौदात पाऊल घातलं आणि चटका बसावा तसं वर ओढलं. चुलीवरून आत्ताच हंडा उतरवला असावा, तसं ते पाणी. उन्हं कलली होती, पण माडांच्या सावल्या अजून परसाच्या पार त्या टोकाला पेंगत होत्या, आणि हौदाभोवतीचा जांभा चिरा अनवाणी पावलाला उभं राहू देत नव्हता.

त्याला हौद म्हटलेलं तिच्या नवऱ्याला खपत नसे. आत्मारामांनी उभी हयात जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. नोकरी संपवून भाट्याच्या खाडीजवळच्या आपल्या घरी आले, तेव्हा परसातला कातळ फोडून त्यांनी निळ्या फरश्यांचा स्विमिंग पूल बांधून घेतला. पाचोळा पडतो म्हणून पश्चिमेचा जुना फणससुद्धा तोडला. वाडीतल्या बायका मात्र हौदच म्हणत.

"भावजी, गोधड्या धुवायला आणू काय तुमच्या हौदावर?" शेजारची गोदूबाई विचारायची, आणि ते दर वेळी नव्यानं रागवायचे.

पहिली वर्षं तो हौद नुसता निळा पडून होता. मुंबईची पोरं सुट्टीत येत, डुंबत, जात. मग सून मृणालीनं एक दिवस सासूचा हात धरला. मृणाली शाळेत खेळ शिकवायची. "आई, तुम्ही काठावर बसून पाय हलवता, ते बघवत नाही मला. उतरा," म्हणाली.

आणि सगुणा उतरली. साठीला टेकलेली सगुणा, मुंबईच्या नातीचा जुना पंजाबी ड्रेस घालून.

खाडीकाठीच जन्मलेली ती. तिचे भाऊ पाठीला सुके नारळ बांधून पाण्यात पडायचे, दोन दिवसांत मासोळीसारखे फिरायचे. मुलींनी काठावर बसायचं, कपडे आपटायचे, भावांच्या चड्ड्या सांभाळायच्या. जात्यावर बसली की तिच्या तोंडी तिचीच एक ओवी यायची,

*खाडीच्या गं काठावर, माझं बाळपण गेलं,*
*पाणी पाहिलं डोळ्यांनी, अंगाला ना लागू दिलं.*

आता पाणी अंगाला लागलं होतं. तिच्यामागून गोदूबाई आली, तुळसा आली. मासळी विकून, स्वयंपाक आटोपून, दुपारची ही एवढीशी सवड बायकांना मिळे, आणि ती त्या हौदात घालवत. पण पार कुणी गेलं नव्हतं. सगुणा मधोमध पोचायची. तिथं तळ उतरत जाई, पायाखालची फरशी सुटे, आणि छातीत काहीतरी घट्ट धरून बसे. ती मागे फिरायची.

आणि आता दिवस उरले नव्हते. मुलगा समर्थ मुंबईत होता, त्याला राहायला घर मिळालं होतं, मृणालीलाही तिकडच्या शाळेत नोकरी लागली होती. मे संपता संपता ती जाणार. मग शिकवणार कोण, आणि मिरग लागल्यावर शेतीच्या धबडग्यात पाण्यात उतरायला सवड कुणाला. सगुणाला एकच हवं होतं. मृणाली समोर उभी असताना, एकदा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

त्या दिवशी ती तसल्याच कढत पाण्यात उतरली. मध्यापर्यंत गेली, आणि डोळ्यांपुढे काळं-पिवळं फिरायला लागलं. मृणालीनं झेप घेऊन तिला काठाला आणलं. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे.

"आता बंद," मृणाली म्हणाली. "पाणी गार होत नाही तोवर कुणीच उतरायचं नाही. आई, तुम्ही तर नाहीच नाही."

"आणि नाय झालं गार तर?"

मृणालीनं पंचा घेतला. सासूचे केस पुसत राहिली.

आत्मारामांना ही गोष्ट लागली. आपल्या पूलमध्ये आपल्या बायकोला भोवळ येते म्हणजे काय. ते स्कूटर काढून बंदरावर गेले आणि बर्फाच्या लाद्यांनी भरलेला टेम्पो घेऊन आले. लाद्या धडाधड हौदात पडल्या. सगळी वाडी बघायला जमली. पांढऱ्या लाद्या निळ्या पाण्यात हेलकावे खात होत्या, आणि आत्माराम कमरेवर हात ठेवून असे उभे होते, की जणू बोट बंदराला लावून आले आहेत.

चहा होईस्तोवर बर्फ विरघळला. पाणी आधी होतं त्याच्यापेक्षा कणभर निवलं असेल नसेल. पण वास सुटला. टेम्पोनं सकाळी बांगडे वाहिले होते, आणि ती सगळी चव लाद्यांना लागून हौदात उतरली होती. अंधार पडायच्या आत वाडीतली मांजरं ओळीनं काठावर येऊन बसली.

तुळसानं वाकून वास घेतला. "भावजी, आता हळद नि कोकमं तेवढी टाका. कालवण तयार हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आत्माराम हसले नाहीत. पंप लावून त्यांनी सगळा हौद माडांच्या बुडांना सोडला, फरशा घासल्या, पुन्हा भरला. दोन दिवस पाणी बरं राहिलं, तिसऱ्या दिवशी परत चुलीवर. मग ते ओटीवर बसून म्हणाले, "या रविवारी रिकामा करतो नि झाकून टाकतो. पाऊस येईल तेव्हा बघू."

"पावसात मृणाली कुठाय हितं?" सगुणा म्हणाली.

"मग काय करू? सूर्याला सांगू, मागल्या दारानं जा?"

ती उठून आत गेली. पण ते बोलणं तिच्या पोटात बसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे ती शिपण्याला उभी राहिली. शिपणं म्हणजे माडा-पोफळींना पाणी देणं. विहिरीवरचा पंप चालू करायचा, पाटातून पाणी सोडायचं, एक आळं भरलं की दुसऱ्याचं तोंड फोडायचं. लग्न होऊन आल्यापासून तिनं हेच केलं होतं, आधी रहाटानं, मग पंपानं. अजून उजाडत होतं. खाडीकडे जाणारा मतलई वारा डोंगराकडून येत होता, कोरडा, हलका. विहिरीचं पाणी पाटातून तिच्या घोट्यांवरून गेलं आणि अंगावर शहारा आला.

ती तिथंच थांबली. मागे वळून पाहिलं. पाट हौदाच्या भिंतीला लागूनच जात होता. रोज पहाटे एवढं थंडगार पाणी तापकऱ्याच्या उशाशी येत होतं आणि त्याला न शिवता पुढे जात होतं.

खोरं तसंच टाकून ती घरात गेली. "अवो, उठा. माडांना पाणी द्यायचं ते आधी हौदात सोडायचं. नि हौदातलं माडांना."

आत्माराम उशीवरूनच म्हणाले, "शिपण्याचं पाणी? माझ्या पूलमध्ये? चिखल झाला म्हणजे?"

"चिखल पाटात असतो, बावीत नसतो. बावीवरून थेट नळी टाका."

"नि त्या क्लोरीन पावडरीचं पाणी माडांना?"

"त्या दिवशी सगळा हौद पाजलात ना त्यांना, बांगड्यासकट? एक तरी माड आडवा झाला काय? नि पावडर जरा हलक्या हातानं टाका. रोज नवं पाणी आल्यावर हवी कशाला एवढी?"

ते उठून बसले. भिंतीवर बोटानं नळ्यांच्या रेघा ओढल्या. मग हळूच म्हणाले, "अगो, इंजिन असंच गार ठेवतात. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, इंजिनाची ऊब घेऊन परत बाहेर सोडायचं. जन्मभर मी दुसरं काय केलं?"

"मग घरात आल्यावर इसरलात कसं?"

"घरात तू होतीस ना," ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला लागले.

मग तो माणूस दोन दिवस जेवायलासुद्धा हाका मारल्या तेव्हाच आला. विहिरीवरून नळी आणली ती थेट हौदाच्या तळाशी नेली. बाहेर जायची वाट ठेवली ती वरच्या काठाला. "ऊब वर तरंगते," मृणालीला त्यांनी समजावलं, "तीच आधी घालवायची. तळ गार राहिला की राज्य आपलं." आणखी एक पाइप त्यांनी भोकं पाडून काठावर आडवा बांधला. पहाटे मतलई सुटला की हौदाचंच पाणी त्यातून बारीक धारांनी उडायचं, वाऱ्यात निवायचं आणि परत हौदात पडायचं.

"पण दिवसाचं ऊन?" मृणालीनं विचारलं.

"त्याला मांडव," सगुणा म्हणाली.

आत्मारामांचा चेहरा पडला. माडाच्या झापांचा मांडव म्हणजे कचरा, काड्या. त्यांनी तोंड उघडलं, तोडलेल्या फणसाच्या बुंध्याकडे एकदा पाहिलं, आणि मिटलं. "काठ्या मी पुरतो," एवढंच म्हणाले.

वाडीत कुणाच्याही दारी मांडव पडायचा तर बायका न बोलावता झाप विणायला येतात, तशा त्या आल्या. भिजत घातलेली माडाची चुडतं पसरली, एक पात वर, एक खाली, बोटं चालायला लागली. गोदूबाई म्हणाली, "सगुणे, लगीन कुणाचं गो?"

"माझं. पाण्याशी."

"भावजींना इचारलंस काय?"

"त्यांनीच तर मुहूर्त काढला. काठ्या कोण पुरतंय बघ."

आणि विणता विणता सगुणाच्या ओठी आपसूक आलं,

*चुडताचा विणते झाप, एक पात खाली वर,*
*ऊन पाव्हणा गे आला, त्याला बसवा दारावर.*

तुळसानं ती उचलली, गोदूबाईनं पुढे नेली. मांडव चढला. भर दुपारी हौदावर पहिल्यांदा सावली उतरली, हिरवी, जाळीदार, गाईच्या डोळ्यासारखी शांत. रोज पहाटे विहिरीचं पाणी आत येत गेलं, कालची ऊब माडांच्या मुळाशी जात गेली. पहिल्या दिवशी फारसं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मांजर पाणी पिऊन गेलं. मग एका दुपारी सगुणानं पाऊल घातलं आणि ते ओढून घेतलं नाही. उसासा टाकून गुडघ्यापर्यंत सोडलं, आणि तशीच बसून राहिली. बाहेर चिरा भाजत होता, कावळे चोच वासून फांद्यांवर बसले होते, आणि हौदातलं पाणी मातीच्या माठासारखं गार होतं.

मृणालीनं पाण्यात हात बुडवून पाहिला. पुन्हा बुडवला. "बाबा," ती म्हणाली, "उतरू द्या सगळ्यांना."

त्या आठवड्यात रोज बायका होत्या. हसणं खाडीपर्यंत ऐकू जायचं. गोदूबाई तर बाहेर यायलाच तयार नसे. "घरी जाऊन काय, पंख्याखाली शिजायचं?" म्हणायची.

मृणालीच्या जाण्याच्या आदल्या दुपारी सगुणा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पलीकडच्या टोकाला गळाभर पाण्यात मृणाली. काठावर बायका ओळीनं बसलेल्या. आत्माराम मांडवाच्या काठीला धरून उभे.

ती निघाली. हात, पाय, श्वास. गार पाणी गालावरून मागे जात होतं. मध्य आला. तळ उतरला, फरशी सुटली, छातीतलं ते जुनं काहीतरी मूठ आवळायला लागलं. पण या खेपेला डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. पाण्यानं तिला खालून, थंड तळव्यासारखं उचलून धरलं होतं, आणि श्वास लांब, पुरेसा येत होता. ती फिरली नाही. काठावरून आत्माराम तिच्या बरोबरीनं पाऊल पाऊल चालत होते, लुंगी अर्धी भिजवून घेत.

बोटांना फरशी लागली. भिंत.

क्षणभर नुसतं तिच्या केसांतून गळणाऱ्या पाण्याचं टपटप ऐकू आलं, मग तुळसानं टाळी वाजवली आणि मांडव टाळ्यांनी भरून गेला. गोदूबाई डोळे पुसत म्हणाली, "गेली गो बाय. पार गेली." आत्माराम खाली बसले, आणि त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून काठाशी तरंगणारी झापाची एक काडी त्यांनी उगीचच पाण्यातून वेचून काढली.

मृणालीचे डोळे भरले होते. "या आई," म्हणून तिनं बाहेर काढायला हात पुढे केला.

सगुणानं तो हात पाहिला. हसली. भिंतीला दोन्ही तळवे टेकवले, जोरात रेटा दिला, आणि परत निघाली.