खुर्चीतली झोप

तिनं न्हाव्याच्या दुकानाचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. खुर्ची मागे कलती केलेली, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड, आणि त्या कापडाखाली तिचा नवरा गाढ झोपलेला. भर सकाळी. तोंड जरासं उघडं, श्वास संथ.

तिनं पदर खोचला.

कंपवातात झोप मोडतेच, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गेला महिनाभर तर घरी त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कुशीवर वळवायची ती, पाठ चोळायची ती, पाय अवघडले की उठायची ती. अंग अलगद सरकावं म्हणून तिनं सॅटिनची चादर आणली, तळव्यांना तेल चोळलं, अंगाईसुद्धा गुणगुणून पाहिली. झोप काही आली नाही. आणि इथं दाढीच्या निमित्तानं एक दिवसाआड येऊन हा बाबा तासतासभर घोरतो, हे शेजारणीच्या तोंडून कळावं? सून तर हसली होती. आई, म्हातारपणी सवत आली तुम्हाला, तीही लोखंडाची.

"कसली जादू करता हो यांच्यावर?" तिनं हळू आवाजात विचारलं.

न्हाव्यानं वस्तरा पुसून ठेवला.

"काही नाही, काकू. हात तेवढे बांधतो."

त्यानं कापड उचलून दाखवलं. दोन्ही मनगटं पंच्यांनी खुर्चीच्या हातांना सैलसर बांधलेली होती. काकांनीच तसं सांगितलंय, तो म्हणाला. मग खाली बघत, अडखळत त्यानं उरलेलं सांगितलं. काका झोपेत अजून बस चालवतात. महिन्यापूर्वी स्वप्नात कुणी आडवं आलं, त्यांनी चाक गर्रकन फिरवलं आणि कोपर काकूंच्या डोळ्यावर बसलं. तेव्हापासून घरी ते झोपेला जवळ येऊ देत नाहीत. स्वतःला चिमटे काढत पडून राहतात.

डोळा सुजला तेव्हा तिनं सगळ्यांना कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं होतं. नवऱ्यालाही तेच. झोपेतल्या माणसाला काय कळतंय, असं धरून ती चालली होती.

"हे त्यांनी तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "मला नाही."

न्हावी उगाच कंगवे नीट लावू लागला. तिचा मत्सर खुर्चीवरून उठला होता आणि आता त्या कंगव्यांवरून फिरणाऱ्या बोटांवर जाऊन बसला होता.

कापडाखाली हालचाल सुरू झाली. कुठल्याशा वळणावर बस आली असावी. तिनं स्टूल ओढलं, एका मनगटाची गाठ सोडली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हाताला हिसके बसू लागले.

"काकू, लागेल हं."

"लागलं तर मला लागेल," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुमचं काय जातंय?"