हाकेतला हरी

तोतारामनं पोराचं नाव हरी ठेवलं ते सुंदरबाईसाठी. तिची पहिली दोन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली होती. तिसरं जगलं, तेव्हा बारशाला पाळण्यापाशी बसून तो बायकोला म्हणाला, "तुले देवळात जायले सवड नाही. केळीत, गोठ्यात, चुलीपाशी तुझा दिवस जातो. आता पोराले जेवढ्या हाका मारशीन, तेवढं देवाचं नाव घेणं झालं समज."

सुंदरबाईला ते पटलं. सकाळी दूध पाजताना हरी, दुपारी केळीच्या सरीतून हरी, दिवेलागणीला अंगणातून हरी. रावेरकडच्या त्या गावात बायका पोथीला बसायच्या, ही बसत नसे. आपलं चालूच आहे, असं तिला वाटे.

मिसरूड फुटायच्या आधी एकदा हरी गाडी घेऊन शेतात गेला. पाटापाशी चाक रुतलं आणि बैल बसला. हरीनं त्याला आधी काठीनं मारलं, मग टोकाला लोखंडी आर असलेल्या पराणीनं, मग नुसतं डोळ्यावर. सुंदरबाई पोचली तेव्हा बैलाच्या गालावरून रक्त आणि पाणी एकत्र वाहत होतं आणि पोराचा श्वाससुद्धा फुलला नव्हता. तोतारामनं आठवड्याच्या बाजारात बैल विकून टाकला. त्या रात्री सुंदरबाईनं हरीला भाकरीवर तूप जरा जास्तच वाढलं. का वाढलं ते तिलाही कळलं नाही.

हरी मोठा झाला आणि केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या देखरेखीखाली भरायच्या. दारू नाही, तंबाखू नाही, एकादशी कधी चुकली नाही. व्यापारी त्याला हरीभाऊ म्हणत. टोळीतला निंबा म्हणायचा की मुकादमाचा आवाज कधी चढलेला आपण ऐकला नाही. गावात बायकोला मारणारे होते, पण ते पिऊन मारायचे आणि सकाळी ओशाळायचे. हरी शुद्धीत मारायचा. दार लावायचा, मनगटातलं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवायचा, मग सुरुवात करायचा.

मयुरी शिंदखेड्याची. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात आमटी अळणी झाली म्हणून त्यानं गरम पातेलं तिच्या मांडीवर उपडं केलं. पुढे मोटारीचा तुटलेला पट्टा खुंटीवर टांगलेलाच असे. तोताराम तोवर वारला होता. सुंदरबाई मध्ये पडायची, तिला कोपर बसायचं, ती भिंतीशी जायची आणि तिथून तिच्या तोंडातून एवढंच निघायचं, "हरी! हरी रे! अरे हरी!"

शेजारची बेबाबाई सकाळी नळावर म्हणायची, "सुंदरबाई, सांजच्याले काय मनापासून नाव घेता तुम्ही! आमचं चित्त काही लागत नाही असं."

सुंदरबाई हंडा उचलून कमरेवर घ्यायची आणि "हो बाई" म्हणायची.

मयुरीला दिवस गेले तेव्हा हरीनं नाव आधीच ठरवून टाकलं. मुलगाच होणार आणि गोविंदच ठेवायचं. पाचव्या महिन्यात, टॉवेल वाळला नाही एवढ्यावरून, त्यानं तिला मोरीत पाडून पोटावर लाथ घातली. गावभर झालं की सून मोरीत घसरली. सुंदरबाईनं तो गोळा जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि बांधावरच्या लिंबाखाली पुरला. माती लोटताना तिनं ते ठरलेलं नाव जिभेवर येऊ दिलं नाही. त्यानंतर हरीला हाक मारायची वेळ आली की ती "अरे" म्हणायला लागली. फक्त मार चालू झाला की जुनी हाक आपोआप बाहेर पडायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते. झोके, गाणी, आंब्याचा रस, चार दिवसांचं माहेर. मागल्या वर्षी हरीनं मयुरीला पाठवलं नव्हतं, कारण तिच्या तोंडावरचे वळ उतरले नव्हते. या वर्षी तिचा भाऊ हेमराज स्वतःच न्यायला निघाला. त्या दुपारी ऊन असं होतं की पत्र्यावर पाखरू बसेना. गल्लीतली सगळी दारं लागलेली. मयुरी पिशवी भरून फोनवर माहेरच्या अहिराणीत हळू बोलत होती, "भाऊ, रावेरले पोहोचना का? ये, मी तयार शे. तुनी वाट देखी ऱ्हायनी."

हरी मागच्या दारानं आत आला होता. व्यापाऱ्यानं माल परत केल्यानं टोळीला लवकर सुटी दिली होती. हातात बख्खी होती, केळीच्या बुंध्याजवळची पिलं छाटतात ते रुंद पात्याचं हत्यार. त्यानं दोन्ही दारांच्या कड्या लावल्या. घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं. बख्खी मात्र हातातच राहिली.

"कोणाले बोलावलं?" तो म्हणाला.

"भाऊ येतो आहे. आखाजीले..."

"मले विचारलं?"

त्यानं तिच्या वेणीला हात घालून तिला खाली ओढलं आणि बख्खीच्या चपट्या बाजूनं पाठीवर मारायला लागला. सपासप आवाज येत होता, ओल्या खोडावर घाव घालावा तसा. मयुरी आधी ओरडली, मग तिचा आवाज बसला. सुंदरबाईनं त्याचा दंड धरला. त्यानं झटकलं तशी ती जात्यावर आदळली आणि बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं.

"हरी! हरी रे! हरी!"

पात्याची बाजू फिरली. ती त्यानं मुद्दाम फिरवली की घामानं मूठ सरकली, हे पुढे वकिलांनी पुष्कळ विचारलं. मयुरीनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला होता. बख्खी हातावर पडली. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट फरशीवर पडलं आणि रक्ताची चिळकांडी चुलीपर्यंत गेली. मयुरी त्या बोटांकडे बघत राहिली, जणू दुसऱ्या कोणाची आहेत.

"हरी!" सुंदरबाई किंचाळली.

भिंतीपलीकडून बेबाबाईचा झोपाळू, भाविक आवाज आला, "हरी हरी."

सुंदरबाईला तेव्हा उमगलं. आपण जन्मभर हाका मारतो आहोत, आणि ऐकणारा प्रत्येक जण हात जोडतो आहे. या नावानं इथं कोणी धावून येणार नाही. हरीनं बख्खी पुन्हा उचलली होती.

कोपऱ्यात उखळापाशी मुसळ होतं. ते तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि मागून त्याच्या गुडघ्याच्या लवणीत घातलं. तो वाकला. दुसरा घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, बख्खी फरशीवर खणखणली. हरीनं वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"माय?"

मग तो तिच्यावर आला. डाव्या हातानं त्यानं तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर दाबलं. तिच्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. खाली पडलेल्या मयुरीनं त्याचा पाय दोन्ही हातांनी मिठीत घेतला, एका हातातून रक्त सांडत असतानाच, आणि पोटरीला दात रोवले. तो ओरडला, पकड सुटली. सुंदरबाईनं मुसळ उभं धरून त्याच्या जबड्यावर हाणलं. तो पडला. तो उठायला लागला तशी तिनं त्याच गुडघ्यावर आणखी एक घाव घातला, आणि त्यानं उठायचं थांबवल्यावरही एक.

मग तिनं हाक मारली, पण वेगळी. "बेबाबाई! खून व्हतो अठी! दार तोडा! माणसं बोलवा!"

गल्लीतली दारं उघडली. निंबानं आणि आणखी दोघांनी खांदा लावून कडी उखडली. आत आल्यावर निंबा दारातच थबकला. मुकादम फरशीवर, तोंडातून लाळ आणि रक्त, पाय भलतीकडे वळलेला. म्हातारी सुनेच्या हाताला लुगड्याचा पदर गुंडाळत होती. तिच्या गळ्यावर पाच बोटं उमटली होती.

त्याच वेळी हेमराजची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. त्यानं बहिणीला पाहिलं, फरशीवरची बख्खी उचलली आणि हरीच्या छातीवर गुडघा टेकला. "याले मी जित्ता सोडाव नही!"

कोणी पुढे झालं नाही. सुंदरबाईनं त्याचं मनगट धरलं. तिच्यात ताकद उरली नव्हती, नुसतं धरलं. ती म्हणाली, "मार. मी आडवी येत नाही. पण तू जेलात गेला तर हिले जळगावले कोण नेईन? हिचं रक्त चाललं आहे."

हेमराजनं बख्खी भिंतीवर फेकली आणि बहिणीला उचललं. केळीच्या टेम्पोत पानांवर तिला झोपवून नेलं. जळगावच्या दवाखान्यात हात वाचला, बोटं नाही.

संध्याकाळी पोलीस आले. फौजदार तरुण होता. त्यानं विचारलं, "आजी, याला एवढं कोणी मारलं?"

"मी."

"तुम्ही एकट्यानं?"

"हो. तो मरेपर्यंत मारलं असतं. हात थकले."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग त्यानं बेबाबाईला बोलावलं. ती डोळे पुसत म्हणाली, "साहेब, आमाले काय माहीत? रोज हरी हरी ऐकू यायचं. आमाले वाटायचं नामस्मरण चाललं आहे."

"आणि सुनेचं रडणं? ते ऐकू यायचं नाही?"

बेबाबाईनं खाली पाहिलं. उत्तराची वाट बघत सगळी गल्ली उभी होती, आणि गल्लीनंही खाली पाहिलं. सुंदरबाई तिला एवढंच म्हणाली, "मी देवाले बोलवत नव्हती, बाई. पोराले बोलवत होती." त्यात राग नव्हता. नळावर "हो बाई" म्हणणारी ती स्वतःच होती.

गाव दोन्हीकडून बोललं. कोणी म्हणे आईच्या जातीनं असं करू नये, कोणी म्हणे आधीच करायला हवं होतं. मयुरीच्या जबाबामुळे सुंदरबाईवर नोंदलेली मारहाणीची तक्रार टिकली नाही. हरीवर जिवे मारायच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला. मोडलेल्या पायात डॉक्टरांनी सळई बसवली होती, तसाच तो कोर्टात यायचा. साक्षीच्या दिवशी त्यानं कठड्यातून आईकडे बघून मोडक्या जबड्यानं सांगितलं, "माय, मले घरी ने." तिची छाती दुखली, बरगडी जिथं मोडली होती तिथंच. तिनं काय घडलं ते सगळं सांगितलं, मोरीतलं आणि लिंबाखालचंही. त्याला शिक्षा झाली.

निकालाच्या आधीच सुंदरबाई मयुरीच्या माहेरी, शिंदखेड्याला, राहायला आली होती. पहिल्या दिवशी हेमराज ओट्यावरून उठला नाही. नंतर आतल्या खोलीत जाऊन तो बहिणीला म्हणाला ते तिला ऐकू आलं, "तिले अठे कसाले आनी? त्यानी माय शे ती."

"मनी बी माय शे," मयुरी म्हणाली.

हेमराजची बायको नूतन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि सुंदरबाईपुढे ठेवून गेली. सुंदरबाईनं शेळ्या सांभाळायला घेतल्या. मयुरी हाताची पट्टी सुटल्यावर भाकरी थापायला बसली. तीन बोटांचा उजवा हात पिठावर नीट दबेना, भाकरी एका बाजूनं जाड व्हायची, उचलताना मधोमध फाटायची. तिनं दोनदा पीठ मोडून पुन्हा गोळा केला. तिसऱ्यांदा फाटकीच तव्यावर टाकली आणि डोळ्यांना पदर लावला.

"आत्याबाई, ही शेळ्यांना घाला."

"शेळ्यांचं झालं," सुंदरबाई म्हणाली. तिनं पाट ओढला, ताट पुढे घेतलं आणि तव्यावरून भाकरीचा तुकडा हातानंच उचलला. चटका बसला तशी तिनं तो या हातातून त्या हातात टाकला. "मिरचीचा ठेचा आण. आणि दुसरी थाप."

मयुरीनं परातीत पीठ घेतलं.