रिकामी बरणी कशी द्यायची?

कुणाचं भांडं रिकामं परत करणं आमच्या सासूबाईंना जमतच नाही. वेंगुर्ल्यात ठीक आहे हो, पण इथे ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये, त्या उन्हाळ्यात? कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, “आई, बरणी राहू दे. इर्मा सध्या कुणालाच दार उघडत नाहीये.”

इर्मा आमच्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये राहायची. एल साल्वाडोरची. दिवसभर आमच्या छोट्या सलोनीला सांभाळायची. तिच्याकडे कागदपत्रं नव्हती, आणि तिला कामावर ठेवलंय हे उघड झालं असतं तर आमच्या व्हिसाचंही काही खरं नव्हतं. २००८ साल, आजूबाजूला अशा बिनकागदपत्रांच्या लोकांची धरपकड सुरू. आठवडाभर पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी असायची आणि इर्मा पडदे ओढून घरात बसली होती.

पण ती मेली बरणी! इर्माने तिच्यातून एन्सालादा आणली होती. म्हणजे बारीक चिरलेली फळं रसात बुडवलेली, प्यायचीही आणि चमच्याने खायचीही. पहिल्याच घासाला आई किंचाळल्या होत्या, “अगो, ह्यो तर बोंडू!” काजूचा बोंडू, अमेरिकेत! त्या दिवसापासून इर्मा त्यांची लेकच झाली. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती, पण अडलं कुणाचं होतं?

त्या सकाळी आईंनी स्वतःच एन्सालादा करायला घेतली. अननस, आंबा, सफरचंद, सगळं चणाडाळीएवढं चिरलं. सॅलडची पानं हाताने तोडली, संत्र्याचा रस ओतला, वर लिंबू. बोंडूने घसा धरू नये म्हणून मीठ. फ्रोजन बोंडू पिळले तसा घरभर वास सुटला, गोड आणि जरासा कुजका. मी खिडकी उघडायला गेले. ब्लाइंड्समधून पाहिलं, तर गाडी तिथेच.

“तुमचा मिहीर ऑफिसातून आला की तिला फोन करून बरणी देऊ,” मी म्हटलं.

“हो गं बाई, हो!”

सलोनीला झोपवून बाहेर आले तर ओटा पुसलेला, बरणी गायब आणि दार नुसतं लोटलेलं. जिन्यातच हाक ऐकू आली.

“इर्मा गो! मी गो, मी!”

बाहेर इंजिन बंद झालं. गाडीची दोन दारं एकापाठोपाठ आपटली.

“आई, वर या! आत्ताच्या आत्ता!”

त्यांनी हसून मला हात केला. आणि कडी वाजली. आठवडाभर कुणाला न उघडलेलं दार त्या वेड्या हाकेला उघडलं. इर्मा हसत होती. मग तिची नजर आईंच्या खांद्यावरून मागे गेली.

गाडीतून उतरलेल्या त्या दोघांनी तिला नाव विचारलं. तिने खरं सांगितलं. मग त्यांतल्या उंच माणसाने आमच्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, “या कोण? तू यांच्याकडे काम करतेस?”

संपलं सगळं, वाटलं.

“नो,” इर्मा म्हणाली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “त्या घर चुकल्यात. मी ओळखत नाही यांना.”

तिला घेऊन गाडी गेली. आई भरलेली बरणी धरून तशाच उभ्या.

“काय म्हणाली गं ती?”

“म्हणाली, आपल्याला ओळखत नाही.”

आईंचा चेहरा एवढासा झाला. “असं कसं म्हणाली? मी काय वाईट केलं गं तिचं?”