फणी-करंडा

दत्ताराम मास्तरांना शब्द खोदायची भारी खोड. निवृत्त होऊन जेसल पार्कात राहायला आले तरी ती सुटली नाही. खालच्या दुकानातल्या अल्पेशने "काका, कंगवा दूँ?" एवढं जरी विचारलं, तरी त्या शब्दाचं मूळ, संस्कृतातला कंकत, ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. बायको नीलम हसायची, "अहो, बिचाऱ्याला गिऱ्हाईक बघू द्या."

आज सकाळी तिला हॉस्पिटलातून घरी आणलं. आता औषधाचा उपयोग नाही, घरीच न्या, असं डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. मास्तरांनी तिला "सुट्टी मिळाली बरं का!" म्हणून सांगितलं आणि उगाचच घसा खाकरला. जन्मभर पोरांच्या थापा पकडणाऱ्या या माणसाला स्वतःला एक थाप धड मारता येत नव्हती.

दुपारी दोन चमचे पेज पोटात गेल्यावर तिने विचारलं, "अहो, माझी फणी कुठेय?"

मास्तर चपापले. केमोनंतर तिचे केस गळायला लागले, तेव्हा त्यांनीच घरातले सगळे कंगवे दडवले होते. तिच्या आईने लग्नात करंड्याबरोबर दिलेली ती बारीक दातांची लाकडी फणीसुद्धा.

"फणी म्हणजे गंमतच आहे," ते घाईघाईने सुरू झाले. "सापाच्या फण्याशी तिचं नातं. विणकराच्या मागालाही फणी असते, तिच्यातून सूत ओवतात. केळ्यांचीसुद्धा फणीच..."

नीलमने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि सवाष्ण गेली की ओटीत ठेवतात ती? माझी आई गेली तेव्हा तुम्हीच आणलीत ना? करंडा कपाटात आहे. फणी तेवढी काढून ठेवा. ऐनवेळी माझ्या बहिणीची धावपळ नको."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. त्यांना तिचा रागही आला आणि रडूही आलं.

"आता काही होणार नाही म्हणाले गं," ते कसेबसे बोलले.

तिने फक्त मान हलवली. ते उठले, निरोपसमारंभात मिळालेली ब्रीफकेस उघडून त्यांनी फणी बाहेर काढली. दातांत केसांचा गुंता तसाच अडकला होता. तो ते सोडवू लागले.

नीलमने त्यांचा हात धरला.

"राहू द्या. माझे तेवढेच उरलेत."