दोन्हीकडून कडी

पोर्तुगालमधल्या त्या डोंगरी गावात हवालदार झुल्मिराच्या शिकवण्याचं काय सांगावं! सकाळी शाळेतली पोरं, दुपारी एकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि धडा दोघांना एकच. अनोळखी दारात जायचं नाही, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. सुरुवातीला तिने साध्या कपड्यातल्या एका शिपायाला खाऊच्या गोळ्या देऊन शाळेच्या फाटकाशी उभं केलं, तर झाडून सगळ्या पोरांनी हात पुढे केले. मग झुल्मिराबाई अशा काही कानीकपाळी ओरडल्या, की पुढे पाद्रीबाबांच्या हातची गोळीही कुणी घेईना. झुल्मिराला त्याचा भारी अभिमान होता.

आणि उजाडला नोव्हेंबरचा पहिला दिवस. या दिवशी पोरं कापडी पिशव्या घेऊन दारोदार जातात, देवाच्या नावानं पाव मागतात, आणि घरोघरी बडीशेपेचे गोड पाव, अक्रोड, सुके अंजीर तयार असतात. चर्चची दुपारची घंटा झाली की मागणं संपलं.

झुल्मिरा गाडीतून फेरी मारायला निघाली, तर गल्ल्या ओस. पोरं सगळी चौकात बसलेली. आपापल्या मावशी-काकूंची दारं उरकली होती, बाकी कुणाकडे जायची त्यांची तयारी नव्हती. तिला डोंगरावरच्या शेवटच्या घरातली लाउरिंदामावशी आठवली.

मावशीचा मुलगा लिस्बनला. तिथल्या वृद्धाश्रमात चल म्हणून रोज फोन करायचा. मागच्या आठवड्यात मावशी झुल्मिराला म्हणाली होती, "यंदा बघते. पोरं आली तर राहते, नाही आली तर जाते. दारावर कुणी येणारच नसेल तर चूल पेटवायची कुणासाठी गं?" झुल्मिराने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. लहानपणी तिनेही त्याच दारात पिशवी पसरली होती, आणि आता तिनेच पोरांची वाट बंद करून ठेवली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

ती चौकात उतरली. तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी बेनेदिता पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"वर का नाही गेलात?"

"वरच्या आजींना आम्ही ओळखत नाही."

"मी येते ना बरोबर."

"तुम्हीच सांगितलंय, गणवेश काय, कुणीही शिवून घेतो," बेनेदिता शांतपणे म्हणाली. "घरच्यांना विचारल्याशिवाय नाही."

झुल्मिराने हात टेकले. बेनेदिताची आजी इदालिना समोरच कॉफीच्या दुकानाबाहेर ऊन खात बसली होती. पोरांचा घोळका तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"लाउरिंदा? एका बाकावर बसायचो आम्ही. जा खुशाल," आजी म्हणाली. "खातरी हवी तर विचार, मिरवणुकीच्या दिवशी बदकामागे धावताना टाकीत कोण पडलं. पडली ती तीच."

पोरं चढण चढू लागली. झुल्मिरा मागोमाग, घड्याळाकडे बघत. बेनेदिताने दार वाजवलं.

"देवाच्या नावानं पाव द्या."

"कोण?" आतून बारीक आवाज आला.

"आम्ही शाळेतली मुलं."

"मला नाही ओळखू येत आवाज. झुल्मिरा म्हणाली, चोर पोरांना पुढे करतात."

"मावशी, मीच झुल्मिरा. उघडा."

"झुल्मिरा असती तर असं म्हणाली नसती. पोलिसाचा आवाज आला तरी तोंड बघितल्याशिवाय उघडू नका, हे तिनेच पढवलंय मला. आणि पुढच्या बाजूला मेली खिडकीच नाही."

आता बोला! दोन्हीकडून कडी घातलेली, आणि घालणारी तीच. आत मावशी कडीला हात लावून उभी होती. कडी अर्धी सरकून परत बसताना बाहेर ऐकू येत होती. तिला उघडायचं होतं, पण भीती सोडत नव्हती.

बेनेदिता दाराला तोंड लावून म्हणाली, "मिरवणुकीच्या दिवशी टाकीत कोण पडलं?"



"इदालिना पडली," उत्तर आलं. "मीच ढकललं तिला."

"उत्तर चुकलं," मागून एक पोर कुजबुजलं.

"आजी म्हणते तुम्ही पडलात," बेनेदिताने ठणकावून सांगितलं.

"तुझी आजी लहानपणापासून लबाड. मला धरून ओढलंन् तिनं. दोघी पडलो, बदक पळालं, आणि मार मात्र मी एकटीनं खाल्ला." आवाज हसायला लागला होता. "म्हणजे तू इदालिनाची नात होय?"

कडी निघाली. दारात लाउरिंदामावशी उभी होती, नव्या एप्रनमध्ये, डोळे भरलेले. आत टेबलावर फडक्याखाली पावांची रास होती.

"या, आत या."

एकही पोर हललं नाही. "आत नाही यायचं," बेनेदिता म्हणाली आणि तिने झुल्मिराकडे पाहिलं. झुल्मिराच्या जिभेवर 'जा गं' आलं होतं, ते तिने गिळलं.

मग मावशीने खुर्ची ओढत उंबऱ्याबाहेर आणली, पावांची टोपली मांडीवर घेतली आणि एकेकाचं नाव, आईचं नाव विचारत पिशव्या भरायला लागली. अर्ध्या पिशव्या भरल्या आणि खाली घंटा झाली. कुणीही ती मनावर घेतली नाही.

"पुढल्या वर्षी दुसरा प्रश्न लागेल," बेनेदिता म्हणाली. "हा आता सगळ्यांना कळला."

"मी काढीन. असा काढते की तुझ्या आजीला घाम फुटेल."

झुल्मिराने तोंड फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात आत फोन वाजायला लागला.

"मावशी, लिस्बनचा असेल. आणून देऊ?"

"वाजू दे," लाउरिंदामावशी म्हणाली आणि पुढची पिशवी उघडली. "म्हणावं, दारात पोरं आहेत."